दहा हजार माश्यांचा घरशोध

1949 सालच्या वसंतात म्युनिकच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या आवारात मधमाश्यांचा एक थवा झुडपाला लटकला होता आणि मार्टिन लिंडाउर हे तरुण संशोधक तो निरखत होते. थव्याच्या अंगावर काही माश्या नाचत होत्या. माश्यांचा नाच लिंडाउर यांना नवा नव्हता; नाचातून फुलांचा पत्ता सांगितला जातो हा शोध त्यांच्याच गुरूंचा, कार्ल फॉन फ्रिश यांचा. पण फुलांवरून आलेल्या माश्यांच्या पायांना बहुधा परागाच्या गोळ्या चिकटलेल्या असतात. या माश्यांजवळ पराग नव्हता आणि त्यांची अंगे मळलेली होती. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने तांबडी, कुणी पिठाने पांढरी. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी म्युनिकचे मोठे भाग तेव्हा ढिगाऱ्यांत गेले होते. या माश्या धुराड्यांत आणि पडक्या भिंतींच्या भेगांत शिरून आल्या आहेत, त्यांचा शोध अन्नाचा नसून घराचा आहे, हे लिंडाउर यांच्या लक्षात आले.

त्या दिवशी हाती आलेल्या धाग्यातून निसर्गातल्या एका विलक्षण निर्णयपद्धतीचा उलगडा झाला. अपुरी माहिती, मोजका वेळ आणि चुकले तर मरण, अशा अवस्थेत हजारो जीव मिळून एकच निर्णय घेतात, आणि तो बहुतेक वेळा उत्तम ठरतो. त्यांच्यात पुढारी कुणी नसतो.

आधी प्रश्न किती अवघड आहे ते पाहू. युरोप-अमेरिकेत वसंत सरता सरता मधमाश्यांची वसाहत गच्च भरते. मग जुनी राणी निम्म्याहून अधिक कामकऱ्यांना घेऊन बाहेर पडते आणि भरलेले घर लेकीसाठी मागे सोडते. बाहेर पडलेला हा थवा, साधारण दहा हजार माश्यांचा, जवळच्या फांदीला लोंबकळतो. त्याच्याजवळ छप्पर नाही, मेणाचे पोळे नाही, साठा नाही. निघताना प्रत्येक माशीने पोटात भरून घेतलेला मध एवढीच शिदोरी. नव्या घरात मेण तयार करायलाही हाच मध लागणार, म्हणून फांदीवर गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. वादळी पाऊस आला तर तो वेगळाच धोका.

पण घाई केली तर शिक्षा याहून मोठी आहे. थंड प्रदेशातल्या वसाहतीला हिवाळा काढायला वीस किलोंच्या आसपास मध लागतो. ढोली लहान निघाली तर तेवढा मध मावत नाही. फार मोठी निघाली तर ऊब टिकत नाही. दार रुंद असेल तर वारा आणि शत्रू दोन्ही आत येतात. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका परिसरात जीवशास्त्रज्ञ थॉमस सीली यांनी जंगली वसाहतींची नोंद ठेवली, तेव्हा नव्याने घर मांडलेल्या थव्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश पहिला हिवाळा पार करताना आढळले. पोळे एकदा बांधायला घेतले की ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. निवड एकदाच करायची असते.

आणि माहिती? आसपासच्या कित्येक किलोमीटरच्या रानात किती ढोल्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसते. सर्वांत चांगली जागा पहिल्या तासात सापडेल, दुसऱ्या दिवशी सापडेल किंवा सापडणारच नाही. राणीला तर काहीच कळत नाही. नाव राणीचे असले तरी या निर्णयात तिचा शब्द नसतो; थवा नेईल तिकडे ती जाते. शोधाला बाहेर पडतात त्या तीनशे ते पाचशे अनुभवी माश्या, म्हणजे शंभरातल्या तीन-पाच. त्यांतलीही प्रत्येक जण सहसा एखादीच जागा पाहते. सगळ्या जागा पाहून त्यांची तुलना केलेली माशी थव्यात एकही नसते.

शोधक माशी जागा कशी पारखते, हे सीली यांनी 1970च्या दशकात शोधले. त्यांनी आधी जंगलातली पोकळ झाडे तोडून आतली घरे मोजली. बहुतेक ढोल्या तीस ते साठ लिटरांच्या होत्या. मग वेगवेगळ्या मापांच्या लाकडी पेट्या झाडांवर टांगून माश्यांना निवड करू दिली. चाळीस लिटरांची पोकळी माश्यांना आवडली, दहा लिटरांची त्यांनी नाकारली. दार लहान, चौदा-पंधरा चौरस सेंटिमीटरांचे, जमिनीपासून उंचावर आणि दक्षिणेकडे तोंड केलेले असावे, अशीही त्यांची पसंती दिसली. अंधाऱ्या पोकळीचे आकारमान माशी मोजते कसे? ती पाऊणएक तास आतबाहेर करते आणि भिंतींवरून चालत राहते. सीली यांनी एक पिंपासारखी पेटी केली. तिची भिंत बाहेरून फिरवता येई, त्यामुळे आतल्या माशीला एक फेरी पुरी करायला कमी किंवा जास्त चालावे लागे. जास्त चालावे लागलेल्या माश्यांनी तीच पेटी मोठी मानली. माशी खोली पायांनी मोजते, एवढे या प्रयोगाने दाखवून दिले.

जागा पसंत पडलेली माशी थव्यावर परतून नाचते. पोट हलवत ती सरळ रेषेत धावते, वळून मागे येते, पुन्हा धावते. धावण्याचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे सूर्याशी होणारा दिशेचा कोन. धावण्याचा वेळ म्हणजे अंतर. एक सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. दिशा आणि अंतर तर फुलांच्या नाचातही असते. घराच्या नाचात महत्त्व आहे ते फेऱ्यांच्या संख्येला. उत्तम ढोली पाहून आलेली माशी खूप फेऱ्या घेते, बेताची पाहून आलेली थोड्या. जवळच्या रिकाम्या माश्या नाच वाचतात आणि त्या पत्त्यावर जातात. जास्त वेळ नाचणाऱ्या माशीला साहजिकच जास्त वाचक मिळतात.

मात्र पत्त्यावर गेलेली माशी ऐकीव गोष्टीवर नाचत नाही. ती स्वतः आत शिरते, चालते, मोजते आणि स्वतःच्या मतानुसार नाचते किंवा गप्प बसते. या एका सवयीवर सगळी इमारत उभी आहे, असे मला वाटते. एखाद्या माशीने सुमार जागेला चुकून उत्तम मानले, तरी तिच्यामागून गेलेल्या दहा जणी ती जागा नव्याने पारखतात आणि चूक तिथेच विरते. प्रसार होतो तो फक्त पत्त्याचा. मत प्रत्येकीचे स्वतंत्र राहते.

आता यातली सर्वांत सुंदर गोष्ट. लिंडाउर यांनी पाहिले होते की सुरुवातीला नाच अनेक पत्त्यांचे असतात, कधी वीसहून अधिक जागांचे. मग एकेक पत्ता गळत जातो आणि शेवटी सगळा नाच एकाच जागेचा उरतो. हरणाऱ्या जागेच्या पाठीराख्या गप्प का होतात? त्या दुसरी जागा पाहतात, तुलना करतात आणि मत बदलतात, असा लिंडाउर यांचा कयास होता. पुढच्या प्रयोगांत वेगळेच दिसले. बहुतेक माश्या तुलना न करताच थांबतात. घर पाहून आलेली माशी पहिल्यांदा जितक्या फेऱ्या नाचते, त्यापेक्षा पुढच्या खेपेला साधारण पंधरा फेऱ्या कमी नाचते, त्यापुढच्या खेपेला आणखी पंधरा कमी. जागा तितकीच चांगली असते, पण उत्साह आपोआप ओसरत शून्यावर येतो. फुलांच्या बाबतीत तीच माशी असे करत नाही. मकरंद मिळतो आहे तोवर ती नाचत राहते. ओसरण्याचा हा नियम घरशोधासाठीच आहे.

हिशेब मांडून पाहा. समजा उत्तम जागेसाठी पहिल्या खेपेला नव्वद फेऱ्या आणि मध्यम जागेसाठी तीस. उत्तम जागेची माशी नव्वद, पंचाहत्तर, साठ, पंचेचाळीस, तीस, पंधरा अशा सहा खेपा करेल. एकूण तीनशे पंधरा फेऱ्या. मध्यम जागेची माशी तीस आणि पंधरा, एकूण पंचेचाळीस. पहिल्या नाचात तिपटीचा असलेला फरक शेवटी सातपट झाला. हे एका माशीचे झाले. तिच्या नाचामुळे गेलेल्या माश्याही याच नियमाने नाचणार, म्हणजे फरक प्रत्येक फेरीत पुन्हा गुणला जाणार. उशिरा सापडलेली उत्तम जागा आधी सापडलेल्या मध्यम जागेला मागे टाकते ती यामुळेच. आधी आलेल्या मताला आयुष्यभराचा हक्क मिळत नाही. प्रत्येक मताला मरण ठरलेले आहे, आणि ज्या जागेचे पाठीराखे मरणाच्या वेगापेक्षा लवकर जन्मतात तीच टिकते. हट्टी माश्यांच्या थव्याला हे साधले नसते.

पद्धत खरोखर किती चांगली चालते, याची परीक्षा सीली यांनी अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ अॅपलडोर बेटावर घेतली. बेटावर मोठी झाडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे माश्यांना नैसर्गिक ढोली मिळत नाही. सीली यांनी थव्यापुढे पाच पेट्या ठेवल्या. एक चाळीस लिटरांची, उरलेल्या चार पंधरा लिटरांच्या. ही परीक्षा पाच थव्यांनी दिली आणि त्यांतल्या चारांनी मोठी पेटी निवडली. चांगली पेटी दर वेळी आधी सापडली असेही नाही. मध्यम पेट्यांनी घेतलेली आघाडी तिने मोडून काढली.

पण ठरले हे कळते कसे? नाच एकमुखी होण्याची वाट थवा पाहत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. सीली आणि कर्क व्हिशर यांनी तपासले तेव्हा निर्णयाची जागा दुसरीकडेच निघाली. तो फांदीवर होत नाही, ढोलीपाशी होतो. एका वेळी वीस-तीस शोधक माश्या नव्या जागेवर जमल्या की तिथल्या माश्यांना गणसंख्या पुरी झाल्याचे कळते. हे पडताळण्यासाठी संशोधकांनी एकाच ठिकाणी पाच सारख्या पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या. पत्ता एकच, नाचही एकमुखी, पण आलेल्या माश्या पाच दारांत वाटल्या गेल्या आणि कुठल्याही एका पेटीपाशी गर्दी जमेना. थव्याचे उड्डाण लांबले.

गणसंख्या वीस-तीसच का? संख्या कमी असती तर निर्णय झटपट झाला असता, पण दोन-चार माश्यांच्या चुकीने थवा फसला असता. शंभर असती तर चुका कमी, पण मध संपेपर्यंत ताटकळणे. केविन पासिनो आणि सीली यांनी संगणकावर अशा थव्यांची प्रतिरूपे चालवून पाहिली, तेव्हा खऱ्या माश्यांची संख्या वेग आणि अचूकपणा यांच्या चांगल्या मध्यावर बसते असे दिसले. पूर्ण एकमताची वाट न पाहणे हा थव्याचा शहाणपणा आहे.

त्याला एक जोखीम चिकटलेली आहे. दोन जागा तोडीस तोड असतील तर? लिंडाउर यांनी एकदा असा थवा पाहिला होता. दोन तट पडले, थवा उडाला, हवेत दोन दिशांना ओढला गेला, परत आला, आणि त्या गोंधळात राणी हरवली. असे प्रसंग फार विरळा, कारण माश्यांजवळ आणखी एक साधन आहे. एका जागेची शोधक माशी दुसऱ्या जागेचा नाच करणाऱ्या माशीला डोक्याने हलकी धडक देते आणि क्षणभर बारीक गुंजन करते. असे इशारे वारंवार मिळाले की नाचणारी थांबते. दोन सारख्या पेट्यांवरच्या माश्यांना दोन वेगळे रंग लावून केलेल्या प्रयोगात, धडका मुख्यतः दुसऱ्या रंगाच्या माश्यांकडूनच येतात हे स्पष्ट दिसले. तो निबंध 2012 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या परस्परविरोधामुळे बरोबरीची कोंडी फुटते: एक बाजू योगायोगाने किंचित पुढे गेली की तिच्या धडका वाढतात, आणि दुसरी बाजू झपाट्याने मावळते.

गणसंख्या पुरली की शोधक माश्या थव्यात शिरून तीक्ष्ण आवाज काढू लागतात. थव्यातल्या माश्यांनी ऊर्जा वाचवण्यासाठी अंगे थंड ठेवलेली असतात. हा आवाज ऐकून त्या पंखांचे स्नायू थरथरवत 35 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. साऱ्या जणी तापल्या की मिनिटाभरात अख्खा थवा हवेत असतो. वाट माहीत असलेल्या माश्या शंभरात पाचही नसतात. त्या उडत्या ढगाच्या वरच्या भागातून वेगाने पुढे झेपावतात आणि बाकीच्या त्या दिशेने ओढल्या जातात.

किती पुरावा जमला की थांबून निर्णय घ्यावा, हा थव्यापुढचा प्रश्न माणसाने कागदावर सोडवला तो दुसऱ्या महायुद्धात. लष्करी सामानाच्या तपासणीत अडचण अशी होती की किती नग तपासले म्हणजे माल चांगला किंवा वाईट ठरवावा. आकडा आधीच ठरवून ठेवण्याची रीत होती. 1943 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी ती मोडली. प्रत्येक नगानंतर पुराव्याचा जमाखर्च करा, वर एक सीमा ठेवा, खाली एक. जमा ज्या क्षणी सीमा ओलांडेल त्या क्षणी थांबा आणि निर्णय घ्या. तितक्याच भरवशाचा निकाल मिळवायला या रीतीने सरासरीने निम्म्याच्या आसपास तपासण्या पुरतात. युद्धकाळात ही पद्धत गोपनीय ठेवली गेली. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला शत्रूचे संकेत फोडताना अॅलन ट्युरिंग स्वतंत्रपणे याच कल्पनेपाशी पोचले होते. तेवढ्याच चुका राखून याहून कमी पुराव्यात निर्णय देणारी पद्धत असू शकत नाही, हे वाल्ड आणि जेकब वुल्फोविट्झ यांनी 1948 साली सिद्ध केले. वाल्ड पुढे व्याख्यानांसाठी भारतात आले आणि डिसेंबर 1950 मध्ये निलगिरीच्या डोंगरांत विमान कोसळून पत्नीसह मरण पावले. संख्याशास्त्राने एक मोठा माणूस आपल्या भूमीवर गमावला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ढोलीपाशी जमणाऱ्या माश्यांची संख्या म्हणजे वाल्ड यांची जमा, आणि गणसंख्या म्हणजे त्यांची सीमा. आपल्या मेंदूचेही काम काहीसे असेच चालते. पडद्यावरचे ठिपके डावीकडे सरकताहेत की उजवीकडे, हे ओळखणाऱ्या माकडांच्या मेंदूत काही चेतापेशींची हालचाल पुराव्यासोबत चढत जाते आणि ठरावीक पातळी गाठताच माकड उत्तर देते. 2009 साली जेम्स मार्शल आणि सहकाऱ्यांनी थवा आणि मेंदू यांची गणिते शेजारी ठेवून दाखवले की दोन्हींत स्पर्धक बाजू पुरावा गोळा करतात, एकमेकींना दाबतात आणि आधी सीमा गाठेल ती जिंकते. काही अटी पाळल्या तर अशी रचना वाल्ड यांच्या सर्वोत्तम रीतीच्या अगदी जवळ जाते. एकेका माशीचा मेंदू मोहरीएवढासुद्धा नसतो, पण थवा एखाद्या मेंदूसारखा विचार करतो.

हे ज्ञान प्रयोगशाळेतच राहिले असे नाही. माश्या कामकऱ्यांची वाटणी फुलांच्या ताटव्यांत कशी करतात, हा घरशोधाचा भाऊबंद प्रश्न. ताटवे तासातासाला बदलतात आणि पूर्ण चित्र कुणाजवळच नसते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या अभियंत्यांनी सीली यांच्यासोबत या वाटणीचे गणित मांडले. पुढे सुनील नाकराणी आणि क्रेग टोवी यांनी ते इंटरनेटच्या सर्व्हरांना लावले. कुठल्या संकेतस्थळावर पुढच्या क्षणी गर्दी उसळेल ते आधी कळत नाही, तरी यंत्रांची वाटणी तत्क्षणी करावी लागते. या कामाला 2016 साली गोल्डन गूज पुरस्कार मिळाला.

वर सांगितलेले बहुतेक प्रयोग युरोपीय मधमाशीवरचे आहेत. सह्याद्रीतली सातेरी तिची जवळची नातलग. तीही ढोलीत, भिंतीच्या कपारीत समांतर पोळी बांधून राहते आणि थवा निघाला की तिलाही घर शोधावे लागते. वसाहत लहान, म्हणून तिला ढोलीही लहान चालते. फुलोरी आणि आग्या यांचा संसार उघड्यावरचा. फुलोरी एखाद्या डहाळीला पोळे करते. तिला नेमकी एकच जागा निवडण्याची तितकी गरज नाही. कुठलीही बरी डहाळी चालते, म्हणून तिच्या नाचातही तसा काटेकोरपणा दिसत नाही. आग्या उंच झाडे, कडे आणि आता इमारतींचे सज्जे पसंत करते, आणि ऋतूप्रमाणे दूरवर स्थलांतर करते. आपल्याकडे पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून मान मिळाला. सातेरी घर कसे निवडते, याचा बेटावरच्या प्रयोगांइतका बारीक अभ्यास सह्याद्रीतही व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. ढोल्या असलेली जुनी झाडे शिल्लक आहेत तोवरच तो करता येईल.

वाचकांना एक विनंती. तुमच्या आवारातल्या झाडाला अचानक माश्यांचा घोस लोंबताना दिसला आणि त्यात पोळे नसेल, तर बहुधा तो वाटेत थांबलेला थवा असतो. राखायला त्याच्याजवळ पिल्ले नसतात, मधाचा साठा नसतो, त्यामुळे कुणी डिवचले नाही तर तो सहसा अंगावर येत नाही. सातेरीचा थवा काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत आपणहून निघून जातो. स्थलांतरातली आग्या कधी याहून जास्त दिवस थांबते. थव्यावर कीटकनाशक फवारू नका, धूर करू नका, पाण्याचा फवारा मारू नका. मुलांना आणि गुराढोरांना लांब ठेवा, आणि फारच अडचण असेल तर जवळच्या मधपाळाला बोलवा.